सत्तरच्या खाली प्रवेश नाही

दिगंबर सर तेहेतीस वर्षं भूगोल शिकवून शाळेतून रिटायर झाले आणि महिनाभरानं त्यांनी मुलीकडे तिचा जुना लॅपटॉप मागितला. तेजस्विनीला वाटलं, पेपर वाचायला हवा असेल. तिनं तो पुसून, चार्जर शोधून त्यांच्या हातात दिला, तेव्हा ते म्हणाले, "तू रोज तो खेळ खेळून राहतेस ना, तो टाकून दे ह्याच्यात."

"ऑर्वेन? पप्पा, तुम्ही खेळणार?"

"का? म्हाताऱ्यांना मनाई आहे का तिथं?"

मनाई नव्हती. पण तिला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं अवघडल्यासारखंही झालं.

तेजस्विनी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. असीरगडाजवळच्या त्यांच्या शहरात, लालबाग भागातल्या घरून सकाळी साडेनऊला स्कूटीवर निघायची, एका कापड कारखान्याच्या ऑफिसात बसून लूमवर चढणाऱ्या साड्यांच्या किनारी कॉम्प्युटरवर काढायची, सहाला परत यायची. चहा झाला की सात ते नऊ ऑर्वेन. दोन तासांत तिला कुणी हाक मारलेली चालत नसे. ऑफिसात ती 'डिझाइनवाली मॅडम' होती, नातेवाइकांत 'अजून लग्न न झालेली' होती. ऑर्वेनमध्ये मात्र तिच्या नावापुढे ऐंशीचा आकडा होता आणि लोक बाजूला होऊन वाट देत होते.

ऑर्वेन म्हणजे एक भलंमोठं जग. नद्या, जंगलं, वाळवंट, उत्तरेला बर्फ. हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यात वावरतात. पहिल्या लेव्हलला अंगावर फाटका सदरा आणि हातात लाकडी तलवार. जनावरं मारा, गावकऱ्यांची कामं करा, की लेव्हल वाढते, हत्यार सुधारतं. शेवटची लेव्हल ऐंशी. प्रत्येक मुलखाची ताकदही ठरलेली होती. सुरुवातीच्या शेतांतले उंदीर दोनच्या लेव्हलचे, लांडग्यांचं जंगल विसाचं, बर्फाचा मुलूख सत्तरच्या पुढचा. आपल्या कुवतीबाहेरच्या मुलखात पाऊल टाकलं की एका फटक्यात मरण, आणि पुन्हा मागच्या चौकीवर उभं राहायचं. तेजस्विनीला ऐंशीपर्यंत पोचायला चार वर्षं लागली होती. खानदेशातल्या आणि इकडच्या पोरापोरींचा तिनं एक गट बांधला होता, 'तापीकाठ' नावाचा. त्यात तेरा जण होते. सर चौदावे झाले.

सर हळू खेळायचे. दुपारी जेवण करून, चष्मा पुसून, बायकोनं शिवलेली उशी पाठीला लावून बसायचे. त्यांना मारामारीपेक्षा वाटा शोधण्यात रस. नदी कुठून निघते, कुठं मिळते, डोंगराच्या कुठल्या बाजूला झाडी दाट आहे, हे ते ग्राफपेपरवर काढून ठेवत. "ह्या खेळ बनवणाऱ्याला भूगोल येत नाही," ते एकदा जेवताना म्हणाले. "नदी चक्क चढावर वाहते त्याच्या तिथं." सुलभाबाई, तेजस्विनीची आई, कपाळाला हात लावत. "एक कमी होती, आता दोघं भिंतीकडे तोंड करून बसतात."

तेजस्विनीनं सुरुवातीला त्यांना मदत करू पाहिली. ऐंशीचा माणूस बरोबर असला की नवखा नुसता मागं मागं चालतो, पुढचा सगळं मारून टाकतो, आणि मागच्याची लेव्हल फुकट वाढते. सरांनी एका संध्याकाळीच हात जोडले. "मला ओढून नेऊ नको, तेजू. मी पोरांना असीरगड पायी चढवलाय. जीपनं नेलं असतं तर काय दिसलं असतं त्यांना?"

मग ते आपले एकटेच चढत राहिले. उंदीर, साप, रानडुकरं, लांडगे. दीड वर्षात चौतीस लेव्हल. बर्फाच्या मुलखात एक पांढरा किल्ला होता, त्याचं चित्र त्यांनी मुलीच्या स्क्रीनवर पाहिलेलं. तो कधी बघायला मिळेल, असं ते विचारायचे. तेजस्विनी म्हणायची, "पप्पा, अभी टाइम है. तिथं सत्तर लागते."

"होईल सत्तर. पंच्याहत्तरीच्या आत होईल की."

गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात खेळ बनवणाऱ्या कंपनीनं सगळं बदललं. त्या बदलाला सगळे 'लेव्हल स्केलिंग' म्हणत. मुलखांची ठरलेली ताकद गेली. आता तुम्ही जिथं जाल तिथला शत्रू तुमच्या लेव्हलचा होणार. पाचचा माणूस बर्फात गेला तर तिथलं अस्वल पाचचं, ऐंशीचा शेतात गेला तर उंदीर ऐंशीचा. गटानं गेलात तर प्रत्येकाचा घाव सारखाच लागणार, कोण किती वर्षं खेळला ते कुणी बघणार नाही.

तेजस्विनी त्या संध्याकाळी लांडग्यांच्या जंगलात गेली. पहिल्या वर्षी त्या जंगलानं तिला इतक्या वेळा मारलं होतं की तिला तिथल्या प्रत्येक झाडाचा राग होता. पुढं मोठी झाल्यावर ती मुद्दाम तिथं जायची. लांडगे नुसते तिच्या चाहुलीनं पळत, नाही पळाले तर एका घावात आडवे. आपण कुठून कुठं आलो, हे तिला तिथं कळायचं. त्या दिवशी पहिला लांडगा अंगावर आला, तिनं तलवार मारली, आणि तो मेला नाही. दुसरा घाव, तिसरा, सहावा. तेवढ्यात त्यानं तिचं अर्धं रक्त काढलं. ती लॅपटॉप मिटून उठली. सहा वर्षांच्या संध्याकाळी कुणीतरी पाण्यात ओतल्या, असं तिला वाटलं.

सरांचंही काही वेगळं नव्हतं. ते आपले सवयीनं सुरुवातीच्या शेतांत उंदीर मारायला गेले होते. जेवायला बसल्यावर म्हणाले, "मी वाढलो तर उंदीरही वाढला. मग मी वाढलो कुठं?" थोडा वेळ भाकरी मोडत बसले. "डोंगर चढून मागं वळून बघितलं की खालचं गाव लहान दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पाय उगाच दुखवले म्हणायचे."

"तेच तर म्हणतेय मी," तेजस्विनी म्हणाली. खूप दिवसांनी दोघं एकाच बाजूला होते. तिनं कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं, गटातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सरांनी सही तर केलीच, पत्रातल्या दोन वाक्यांची जुळवणीही करून दिली. कंपनीचं ठरावीक उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल आभार.'

पण तीन-चार दिवसांनी सर तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा उजळलेला. "तेजू, एक फायदा लक्षात आला का तुझ्या? आता मला तुझ्याबरोबर कुठंही येता येईल. तुला मला सांभाळावं लागणार नाही. माझा घाव तुझ्याइतकाच."

ते खरं होतं. नाही कसं म्हणणार? त्याच आठवड्यात ती त्यांना गटाबरोबर दोन लहान मोहिमांवर घेऊन गेली.

पहिल्या मोहिमेत गट तीनदा मेला. दुसऱ्या मोहिमेत चार वेळा. आणि प्रत्येक वेळी सुरुवात सरांपासून. शत्रू डावीकडून यायचा आणि सर समोरच बघत उभे. तेजस्विनी माइकवर ओरडायची, "पप्पा, डावीकडे! लेफ्ट, लेफ्ट!" ते म्हणायचे, "हो, हो, बघतो," आणि मान वळवेपर्यंत खाली पडलेले असायचे. मागं शेतांत नि जंगलात हे कधी दिसलं नव्हतं. तिथली जनावरं त्यांच्यापेक्षा कमजोर, दोन फटके जास्त बसले तरी चालून जायचं. आता प्रत्येक शत्रू तोडीस तोड होता, एक फटका चुकला की संपलं.

"दीदी, अंकल को लेफ्ट में दिखता नहीं क्या?" भुसावळचा नीलेश हसत म्हणाला. तो गटातला तिचा उजवा हात. त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. बाकीचेही हसले. सरही हसले, "माझी डावी बाजू कच्ची आहे रे बाबा." एकटी तेजस्विनी हसली नाही. तिचे कान तापले होते. सहा वर्षं जिथं तिला कुणी हसलं नव्हतं, तिथं आज तिच्या वडिलांना हसत होते.

दिवाळीनंतर मोठी मोहीम होती. बारा जणांनी मिळून बर्फाच्या मुलखातल्या राक्षसाला पाडायचं. गटात चौदा जण, त्यातल्या दोघांना सुट्टी नव्हती. म्हणजे बरोबर बारा उरत होते, सरांना धरून. सरांनी तयारीही सुरू केली होती. राक्षसाच्या गुहेचा नकाशा ग्राफपेपरवर काढून, कोण कुठं उभं राहणार तिथं लाल पेन्सिलीनं टिंबं दिली होती.

तेजस्विनीनं खंडव्याच्या एका ओळखीच्या खेळाडूला विचारलं, तो यायला तयार झाला. आता सरांना नाही कसं म्हणायचं, एवढाच प्रश्न राहिला. एका रविवारी सकाळी तिनं गटाच्या फलकावर नियम लिहिला : 'मोठ्या मोहिमांसाठी दसऱ्याच्या बदलाआधी ज्यांची लेव्हल सत्तर किंवा वर होती, त्यांनाच प्रवेश. सत्तरच्या खाली प्रवेश नाही. ज्यांनी मेहनतीन चढाई केली त्यांचा मान राहावा, म्हणून हा नियम.'

नीलेशचा लगेच फोन आला. "दीदी, सत्तरच्या खाली आपल्यात आहे कोण? अंकल सोडून सगळे वर आहेत."

"रूल सबके लिए है, नीलेश."

"तुम्ही अंकलना सीधा सांगा ना. ते समजून घेतील."

"रूल है," ती पुन्हा म्हणाली आणि फोन ठेवला. नियम लिहिल्यावर तिला हलकं वाटलं होतं. सांगायचं काम आता नियम करणार होता.

दुपारी जेवताना सर म्हणाले, "नियम वाचला मी."

ती ताटातला भात कालवू लागली.

"चांगला लिहिलायस. 'मेहनतीनं' वर टिंब राहिलंय तेवढं दे." त्यांनी वरण वाढून घेतलं. "आणि बरोबरच आहे. जे चढले त्यांचा मान राहायला पाहिजे."

ती काहीतरी बोलायला गेली, पण आईनं तेवढ्यात इतवाऱ्याच्या बाजारातून काय काय आणायचं त्याची यादी सुरू केली, आणि विषय राहून गेला. राहून गेला म्हणून तिला बरंच वाटलं. दोन दिवसांनी गटाच्या यादीत सरांचं नाव नव्हतं. कुणाला काही न सांगता ते बाहेर पडले होते. लाल टिंबांचा तो नकाशा मात्र तिच्या टेबलावर नीट घडी घालून ठेवलेला होता. मोहिमेत तो वापरला. राक्षस दुसऱ्याच खेपेला पडला. सगळ्यांनी माइकवर आरडाओरडा केला, नीलेशनं शिट्ट्या मारल्या. तेजस्विनी नऊच्या आधीच उठली. आपल्याला हवा होता तेवढा आनंद झाला नाही, हे तिनं मनाशीही धड कबूल केलं नाही.

सर दुपारी खेळत राहिले. काय खेळतात, कुठं जातात, हे तिनं विचारलं नाही. ऑफिसात लग्नसराईचं काम होतं. कधी संध्याकाळी आत येताना ते फोनवर कुणाशी तरी बोलताना दिसायचे, "हो, हो, चूडामण, उद्या तिथूनच पुढं जाऊ," आणि तिला बघून फोन ठेवायचे. शाळेतला जुना कुणी विद्यार्थी असेल, असं ती धरून चालली.

त्या हिवाळ्यात घरात बारीकसारीक गोष्टी होत होत्या. सरांच्या डाव्या हाताचा पेला दोनदा लवंडला. दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा आपटायचा. सुलभाबाई म्हणायच्या, "लक्ष कुठं असतं तुमचं?" आणि फेब्रुवारीत, इतवाऱ्यात भाजी घेऊन येताना, डावीकडून आलेल्या मोटारसायकलचं हँडल लागून ते रस्त्यावर पडले. मनगट मोडलं. मोटारसायकलवाला भला माणूस होता, त्यानंच दवाखान्यात नेलं. पण तो परत परत सांगत होता, "सर, मी हॉर्न दिला, तुम्ही माझ्याकडं तोंड करून होते, तरी तुम्ही पुढंच आले."

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, डोळे तपासून घ्या.

जळगावला नेलं. तपासणीच्या यंत्रातून एक कागद निघाला, त्यावर दोन गोल. डाव्या डोळ्याचा गोल जवळजवळ पूर्ण काळा. उजव्याचा नाकाकडचा भाग काळा, बाकी करडा. डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, हळू बोलणाऱ्या. "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब फार वाढलेला. हा दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. जे गेलं ते परत येणार नाही. राहिलंय तेवढं टिकवायचं." मग त्यांनी विचारलं, "आधी काही जाणवलं होतं का? डाव्या बाजूला धडकणं, त्या बाजूची वस्तू न दिसणं? चार-पाच महिन्यांपूर्वी आला असतात तर उजवा डोळा बराच वाचला असता."

"नाही हो," सुलभाबाई म्हणाल्या. "हे आत्ताआत्ताच."

तेजस्विनी त्या काळ्या गोलांकडे बघत होती. चार-पाच महिने म्हणजे दसरा. लेफ्ट, पप्पा, लेफ्ट. अंकल को लेफ्ट में दिखता नहीं क्या. ज्या बदलाला ती उठता-बसता शिव्या देत होती, त्यानं वडिलांचं दुखणं तिच्यासमोर उघडं करून मांडलं होतं. सगळ्यात आधी तिला दिसलं होतं ते. आणि तिनं त्याच्यावर इलाज म्हणून नियम लिहिला होता. तिनं तो कागद उचलून पिशवीत ठेवला.

परतीच्या वाटेवर सर उजव्या हाताच्या खिडकीपाशी बसून केळीच्या बागांकडे बघत होते. रावेर गेलं तेव्हा म्हणाले, "ह्या बाजूची खिडकी बरी मिळाली," आणि हसले. ते बघून तिला जास्तच वाईट वाटलं.

आठवड्यानं सरांचा फोन वाजला. ते झोपले होते, म्हणून तेजस्विनीनं उचलला.

"सर हाय का? मी चूडामण बोलतो, इच्छापूरहून."

"मी त्यांची मुलगी. ते झोपलेत. काही काम होतं?"

"काम काही नाही, ताई. पंधरा दिवस झाले, सर खेळात दिसले नाही. म्हटलं, तब्येत तर बरी हाय ना." त्याची केळीची शेती होती, दुपारच्या वेळी बागेतल्या खोलीत बसून तो खेळायचा. तिथं त्याला सर भेटले होते, दिवाळीनंतर, बर्फाच्या मुलखाच्या वाटेवर एकटेच. "मी म्हटलं, कुठं चालले? तर म्हणे, पांढरा किल्ला बघायला. मी म्हटलं, चला मग, मले बी पाह्याचा हाय. एकोणीस दिवस लागले आम्हाले."

"किल्ला बघितला त्यांनी?"

"पाह्यला ना! वर चढून अर्धा तास उभे होते. मले म्हणे, चूडामण, हा उत्तर उतार असा हाय म्हणून इथं बर्फ टिकतो. पूर्ण शिकवलं मले." तो हसला. मग म्हणाला, "ताई, एक विचारू का? सरांच्या डोळ्याचं दाखवलं का तुम्ही?"

"तुम्हाला कसं कळलं?" तेजस्विनीनं विचारलं.

"पहिल्या दिवशीच मले समजलं, त्यांले डाव्या बाजूचं दिसत नाही. माझ्या आजोबांचं तसंच झालतं. मग मी पूर्ण वाट त्यांच्या डाव्या अंगालेच चाललो. कोणी आलं तर मी धरायचो, ते मारायचे. दोनदा म्हटलं बी, सर, डोळे दाखवून या. ते म्हणे, मुलगी कामात हाय. तिले सवड झाली की जाऊ."

ती त्याला काचबिंदूचं सांगू शकली, एवढंच. आभार मानायचं राहून गेलं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. आईनं विचारलं, कोणाचा फोन? ती म्हणाली, पप्पांच्या मित्राचा.

एका अनोळखी माणसाला पहिल्या दिवशी जे कळलं, ते तिला का कळलं नाही? ह्या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ होतं, आणि ते चांगलं नव्हतं. चूडामण सरांकडे बघत होता. ती, त्यांच्याकडे बघून आपल्याला कोण हसतंय, ते बघत होती.

त्या संध्याकाळी ती सरांच्या खोलीत गेली. ते पलंगावर बसून रेडिओ लावायच्या खटपटीत होते, प्लास्टरमुळे एका हातानं बटण फिरत नव्हतं. तिनं ते फिरवून दिलं, मग बंदच केलं.

"पप्पा, मला एक सांगायचंय. तो नियम मी तुमच्यासाठीच केला होता. तुम्हाला बाहेर ठेवायला."

"माहीत आहे मला."

"तेव्हाच माहीत होतं?"

"चौदा जणांची यादी मीच लिहून दिली होती ना तुला, लेव्हलसकट." सरांनी तिच्याकडे बघितलं. आता बघायला त्यांना सगळी मान वळवावी लागायची. "तेहेतीस वर्षं शाळेत काढली, बेटा. एकाच पोराला वर्गाबाहेर काढायला सगळ्या वर्गाचा नियम करणारे हेडमास्तर बघितलेत मी. एकदा तर मीच केलाय तसा."

"आणि डोळ्यांचं… मी बघत होते पप्पा. रोज ओरडत होते डावीकडे, डावीकडे. मला कळायला हवं होतं."

"ते तू डोक्यावर घेऊ नको. डोळे माझे. कळायचं तर आधी मला कळायला पाहिजे होतं. चूडामणनं सांगितलं तरी मी टाळलं." ते थांबले. तिला वाटलं, बोलून झालं. पण ते पुढे म्हणाले, आवाज न चढवता, "नियमाचं मात्र लागलं मला. खोटं कशाला बोलू? तू दारात येऊन म्हणाली असतीस ना, पप्पा, तुमच्यानं होत नाही, तुम्ही थांबा, तर मीच म्हटलं असतं, बारावा दुसरा घे. एवढंच बोलायचं होतं."

"सॉरी, पप्पा."

"हं," ते म्हणाले. रागानं नाही, पण 'जाऊ दे'ही म्हणाले नाहीत. तिनं वाट बघितली. त्यांनी रेडिओ पुन्हा लावायला सांगितला.

तेजस्विनीनं तो नियम फलकावरून काढून टाकला. गटात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. महिनाभरानं तिनं मुख्यपद नीलेशला दिलं. कधीतरी आठ-पंधरा दिवसांनी ती ऑर्वेन उघडते, थोडी भटकते, बंद करते. एकदा तिनं सरांना विचारलं, मी खेळते, तुम्ही शेजारी बसा, काय काय दिसतं ते सांगत जाईन. सर म्हणाले, "नको. सांगितलेला मुलूख मला दिसत नाही. बघून झालंय माझं."

चूडामण एका रविवारी घरी येऊन गेला. पस्तिशीचा, सावळा, अबोल दिसणारा माणूस, फोनवर बोलला त्यापेक्षा फार लाजरा. सर आणि तो ओसरीवर दोन तास बोलत बसले होते. तेजस्विनी चहा घेऊन गेली तेव्हा तो सरांच्या डाव्या हाताला बसलेला होता. तिनं कप ठेवले आणि आभार मानले, ते फारच कोरडे वाटले तिला. तो संकोचून म्हणाला, "माझं काय त्याच्यात, ताई."

आता रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी ती सरांच्या डोळ्यांत थेंब घालते. ते खुर्चीत मान मागं टाकून बसतात. ती अंगठ्यानं खालची पापणी ओढून धरते. पहिला थेंब पुष्कळदा चुकतो, गालावरून ओघळतो, कारण तिला अजून नीट जमत नाही. मग सर डोळे मिटून म्हणतात, "घाई नको करू. दुसरा घाल," आणि ती पुन्हा पापणी धरते.